शेतातल्या थडग्याचा माग : व्हर्जिनियातल्या जुन्या पुढाऱ्यांच्या खासगी दफनभूमी कशा शोधायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे : व्हर्जिनियातल्या शार्लट काउंटीसारख्या ग्रामीण भागातले सुरुवातीचे काँग्रेस सभासद, राज्यपाल, न्यायाधीश यांच्या चरित्रनोंदी ‘घराण्याच्या खासगी दफनभूमीत दफन’ एवढ्यावर संपतात. ती जागा शोधायची कशी, आणि सापडलेलं थडगं त्याच माणसाचं हे ठरवायचं कशावरून?

त्या ओळीतला कामाचा शब्द ‘खासगी’ हा आहे. चर्चच्या किंवा शहराच्या दफनभूमीचं रजिस्टर असतं, प्लॉटला नंबर असतो, विचारायला माणूस असतो. शेतातल्या दफनभूमीचा कागद म्हणजे त्या शेताचाच कागद. म्हणून तो पुढारी वारला तेव्हा कुठल्या जमिनीवर राहत होता ते ठरवायचं, आणि त्या जमिनीची साखळी आजच्या मालकापर्यंत ओढत आणायची. नुसत्या नावावर शोधत राहणारे महिनोन्महिने एकाच चार ओळींच्या नोंदीभोवती फिरतात.

अशा जागा इतक्या का, तर तंबाखूची शेती. हजार-दोन हजार एकरांचे मळे, चर्च दहा-बारा मैलांवर, रस्ते कच्चे आणि उन्हाळा कडक. माणूस गेला की एक-दोन दिवसांत घराजवळच्या उंचवट्यावर दफन व्हायचं. नामांकितही याला अपवाद नाहीत. जेफरसन मॉन्टिसेलोला, मॅडिसन माँटपिलियरला, जॉर्ज मेसन गन्स्टन हॉलला, आणि पॅट्रिक हेन्री याच शार्लट काउंटीतल्या रेड हिलला, सगळे आपापल्या घरच्या जमिनीत आहेत.

पहिला घोळ नावांचा, आणि तो वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. मळ्याचं नाव आणि गावाचं नाव एकच असलं की नकाशा सरळ चुकीच्या जागी नेतो. काँग्रेस सभासद जॉन रँडॉल्फचं दफन ‘रोआनोक’ला झालं असं वाचून लोक रोआनोक शहरात शोधतात. त्या शहराला हे नावच 1882 मध्ये मिळालं, त्याआधी ते बिग लिक होतं. रँडॉल्फचं रोआनोक हा शार्लट काउंटीतला मळा, आणि तो ज्या नदीकाठच्या भागात आहे तिथे रोआनोक नदीलाच स्टॉन्टन म्हणतात. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा रिचर्ड हेन्री ली ज्या ‘शँटिली’त वारला ती वेस्टमोरलंड काउंटीतली, वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्समधली शँटिली वेगळी. रिचमंड काउंटी आणि रिचमंड शहर यांचा तर एकमेकांशी काही संबंध नाही. रेड हिलचा टपालाचा पत्ता ब्रुकनील. ते गाव कॅम्पबेल काउंटीत, दफनभूमी मात्र शार्लटमध्ये. पत्त्यावरून काउंटी ठरवली की तुम्ही भलत्याच कोर्टहाउसच्या पायऱ्या चढता.

काउंट्यांच्या हद्दीही हलल्या आहेत. शार्लट 1764 मध्ये ल्युनेनबर्गमधून निघाली. 1845 मध्ये शार्लट, प्रिन्स एडवर्ड, बकिंगहॅम आणि कॅम्पबेल यांचे तुकडे जोडून अ‍ॅपोमॅटॉक्स काउंटी झाली. म्हणजे 1820 मध्ये ‘शार्लट काउंटीत’ पुरलेला माणूस आज अ‍ॅपोमॅटॉक्समध्ये निघू शकतो. नियम सोपा आहे : जुना दस्त जुन्या काउंटीत, आजचा मालक आजच्या काउंटीत. दोन्हीकडे जावं लागतं.

आता कागद. मृत्यूचा दाखला शोधू नका. व्हर्जिनियात जन्ममृत्यूची राज्यभर नोंद 1853 मध्ये सुरू झाली, 1896 ला थांबली आणि 1912 ला पुन्हा सुरू झाली. या पिढीतले बहुतेक जण त्याआधीच गेलेले. त्यामुळे सुरुवात विल बुकपासून, म्हणजे मृत्युपत्रांच्या वहीपासून करायची. रिचर्ड हेन्री लीने मृत्युपत्रातच ‘बर्न्ट हाउस’ची घराण्याची दफनभूमी नाव घेऊन सांगितली. ज्या शँटिलीत तो राहिला आणि वारला ती जागा वेगळी. बर्न्ट हाउस म्हणजे लींचं 1729 मध्ये जळालेलं जुनं घर जिथे होतं ते रान. मृत्युपत्र न वाचता शँटिलीची जमीन चाळत बसलं तर हाती काही लागणार नाही. बायकोच्या माहेरची दफनभूमीही विसरू नका. फ्रान्सिस लाइटफूट ली स्वतःच्या मेनोकिनला नाही, माउंट एअरीला सासऱ्यांच्या, म्हणजे टेलो घराण्याच्या दफनभूमीत आहे.

मृत्युपत्राचा दुसरा उपयोग तारखेसाठी. काउंटी कोर्ट महिन्यातून एकदा बसायचं, आणि मृत्युपत्र कोर्टात शाबीत झाल्याची तारीख वहीत असते. थडग्यावर मृत्यू ऑक्टोबरचा आणि मृत्युपत्र सप्टेंबरच्या कोर्टात शाबीत, असं दिसलं तर दगड चुकला आहे. हे पाच मिनिटांचं काम बहुतेक जण करत नाहीत.

पुढची पायरी जमीन-कराच्या वह्या. त्या 1782 पासून आहेत. 1814 पासून प्रत्येक तुकड्यासमोर कोर्टहाउसपासूनचं अंतर आणि दिशा लिहिलेली असते, ‘12 एसडब्ल्यू’ म्हणजे बारा मैल नैर्ऋत्येला. 1820 पासून इमारतींची किंमत वेगळी येते, त्यावरून राहतं घर कुठल्या तुकड्यावर होतं ते कळतं. एकाच माणसाचे चार-पाच तुकडे असतात. इमारतीची किंमत ज्याच्यासमोर आहे तो तुकडा धरायचा. कोर्टहाउस केंद्र धरून नकाशावर तेवढ्या अंतरावर खूण करा आणि भोवती दोन मैलांचा फरक सोडा, कारण हे अंतर रस्त्याने अंदाजलेलं असतं, पक्ष्याच्या उड्डाणाचं नसतं.

खरा मुद्देमाल डीड बुकात, म्हणजे खरेदीखतांच्या वहीत. आपल्या सातबाऱ्यावर मालक, क्षेत्र आणि ‘इतर हक्क’ एका कागदावर दिसतात. तिथे असा उतारा नाही. ‘इतर हक्क’ खरेदीखताच्या मजकुरात दडलेले असतात आणि दस्त पूर्ण वाचल्याशिवाय सापडत नाहीत. अनुक्रमणिका दोन : देणाऱ्याच्या नावाची आणि घेणाऱ्याच्या नावाची. पुढाऱ्याच्या मुलांपासून सुरुवात करून प्रत्येक विक्री पुढे पुढे नेत जा. वाटणी कोर्टातून झाली असेल तर डीड बुकात खिंड पडलेली दिसते, तेव्हा चॅन्सरीची, म्हणजे वारसा-वाटणीचे दावे चालवणाऱ्या कोर्टाची, प्रकरणं उघडायची. तिथल्या वाटणीच्या नकाशात दफनभूमीचा छोटा चौकोन काढलेला मिळाला तर अर्धं काम झालं समजा.

खतात काय शोधायचं? चतुःसीमा संपते आणि विकणाऱ्याची हमी सुरू होते, त्या दोहोंच्या मधे ‘एक्सेप्टिंग अँड रिझर्व्हिंग’ (‘वगळून आणि राखून’) अशी सुरुवात असलेलं वाक्य येतं. पुढे ‘ग्रेव्हयार्ड’, ‘बरीइंग ग्राउंड’ किंवा ‘बरीअल प्लेस’, मग क्षेत्र, मग येण्याजाण्याचा हक्क. क्षेत्र बऱ्याचदा पोलमध्ये असतं. एक पोल साडेसोळा फूट. ‘चार पोल चौरस’ म्हणजे 66 फूट बाय 66 फूट, बरोबर एक दशांश एकर. पाव एकर म्हणजे 40 चौरस पोल, बाजू साधारण 104 फूट. हा हिशेब पाठ असला की जागेवर पडकी भिंत मोजून खताशी ताडता येते. दिशा मात्र जशाच्या तशा घेऊ नका. त्या काळच्या मोजणीच्या दिशा होकायंत्राच्या असतात, चुंबकीय उत्तर दोनशे वर्षांत सरकलं आहे. मोजणीच्या वर्षाचा फरक काढून दुरुस्ती केली नाही तर लांब हद्दीच्या टोकाला शेकडो फुटांची चूक होते.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली, राखीव जागेचं वाक्य एका खतात असतं आणि पुढच्या चार खतांत गायब होतं, कारण कारकुनाने ‘पूर्वीच्या खतात वर्णिल्याप्रमाणे’ लिहून काम उरकलेलं असतं. वाक्य दिसलं नाही म्हणजे दफनभूमी नव्हती असं नाही. मागे जात राहा. दुसरी, काउंटीचं दप्तरच जळालेलं असतं. बकिंगहॅमचं कोर्टहाउस 1869 मध्ये जळालं, किंग विल्यमचं दप्तर 1885 मध्ये. तिथे विल बुक आणि डीड बुक नाही म्हणून हात टेकू नयेत. जमीन-कराच्या वह्यांची एक प्रत राज्याकडे जायची, ती उरली आहे. शिवाय म्युच्युअल अ‍ॅश्युरन्स सोसायटीच्या आगविम्याच्या पॉलिसी 1796 पासून आहेत. त्यांत घर, स्वयंपाकघर, तबेला यांचे रेखाटलेले आराखडे असतात. दफनभूमीचा विमा कोण उतरवणार, पण घर कुठे होतं ते कळलं की दफनभूमी सहसा हाकेच्या अंतरावर, घरातून दिसेल अशा चढावर निघते.

नकाशांवर फार वेळ घालवू नका, पण तीन बघाच. यादवी युद्धातले काउंटीवार लष्करी नकाशे घराशेजारी मालकाचं नाव लिहितात, मात्र ते 1860 च्या दशकातल्या मालकाचं, तुमच्या पुढाऱ्याचं नव्हे. म्हणून खतांची साखळी आधी हवी. भूगर्भ सर्वेक्षणाच्या जुन्या 1:24,000 नकाशांवर ‘सेम’ (‘सेमेटरी’चा संक्षेप) या अक्षरांनी दफनभूमी दाखवलेली असते. तिचे अक्षांश-रेखांश आजच्या फोनमध्ये घालताना जुना नकाशा कुठल्या आधाररेषेवर काढला आहे ते कोपऱ्यात पाहा, नाहीतर वीस-तीस मीटर बाजूला काटेरी झुडपात उभे राहाल. तिसरा लायडारचा, म्हणजे विमानातून लेसरने केलेल्या मोजणीचा, झाडं गाळून उघडी जमीन दाखवणारा. त्यात पडकी भिंत, जुना रस्ता, घराचा चौथरा दिसतो. सुटी कबर दिसेलच अशी आशा धरू नका. याखेरीज 1930 च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतून व्हर्जिनियातली जुनी घरं आणि दफनभूमी गावोगाव फिरून टिपल्या गेल्या, ती टिपणं राज्याच्या ग्रंथालयाकडे आहेत. आज वाचता न येणारे दगड त्यांनी तेव्हा वाचलेले आहेत. अंतरांच्या बाबतीत ती ढिली आहेत, शिलालेखांच्या बाबतीत सोनं.

जागेवर जाण्याआधी कायदा. व्हर्जिनिया संहितेचं कलम 57-27.1 खासगी जमिनीवरच्या दफनभूमीत जाण्याचा हक्क देतं, पण तो मृताचे नातेवाईक आणि वंशज, तिथे जागा असलेले, आणि वंशावळीचं संशोधन करणारे यांनाच. आधी वाजवी सूचना द्यावी लागते. केवळ राजकीय इतिहासाची हौस म्हणून जाणाऱ्याला या कलमाचा आधार नाही, त्याने परवानगीच मागायची. रस्ता ठरलेला नसेल तर मार्ग, वेळ, किती वेळा यायचं हे मालक ठरवू शकतो. गाडी आत नेण्याचा हक्क यात येत नाही, त्याला वेगळी लेखी संमती लागते. मालकाने हक्कदाराला अडवलं तर सर्किट कोर्टात अर्ज करता येतो. कबर उकरणं किंवा दगडाची नासधूस हा तिथे गंभीर गुन्हा आहे. म्हणून सळई खुपसून ‘खाली काही लागतंय का’ बघण्याचा मोह आवरावा.

मालकाला पहिलं पत्र छोटं लिहा : जमिनीचा टॅक्स मॅप नंबर, जुन्या खताची वही आणि पान, किती जण, कोणता दिवस, पायी येणार, काही हलवणार नाही. खताची झेरॉक्स जोडा. बऱ्याच मालकांना आपल्या रानात काय आहे हे त्या झेरॉक्समुळेच कळतं, आणि मग तेच वाट दाखवायला येतात. जमीन लाकूड कंपनीची असेल तर शिकारीचे हक्क कुणाला भाड्याने दिले आहेत तेही विचारा. डिसेंबर ते मार्च हा चांगला काळ, पानं गळलेली, गोचीड आणि साप कमी. पण नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत हरणाच्या शिकारीचा मोसम असतो, तेव्हा भडक नारिंगी जाकीट घातल्याशिवाय रानात पाऊल टाकू नका.

रानात खुणा झाडांच्या असतात. मोकळ्या शेताच्या मधोमध जुन्या सीडरचा झुपका आणि खाली जमिनीलगत पसरलेली निळ्या फुलांची सदाहरित व्हिंका दिसली की थांबा. (आपल्या सदाफुलीलाही जुन्या पुस्तकांत व्हिंकाच म्हणत. पानाची चकाकी बघितली की नातं पटतं.) घायपातीसारखी टोकदार पानांची युक्काही मुद्दाम लावलेली असते. मग जमिनीवर लांबट खड्डे बघा, साधारण सहा फूट बाय दोन-अडीच फूट, पूर्व-पश्चिम, डोकं पश्चिमेला. रँडॉल्फला उलटं, पश्चिमेकडे तोंड करून पुरलं, पश्चिमेकडच्या केंटकीतला त्याचा राजकीय विरोधक हेन्री क्ले याच्यावर नजर ठेवायला, अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच घ्यावी.

मोजताना पायाकडचे दगड वेगळे काढा. डोक्याच्या दगडापासून साडेपाच-सहा फुटांवर छोटा दगड असतो, त्यावर फक्त आद्याक्षरं. नवखे त्यालाही कबर मोजतात आणि यादी दुप्पट होते. भिंतीबाहेर बिनअक्षरी रानदगडांच्या जोड्या दिसल्या तर त्या बहुधा त्याच मळ्यावरच्या गुलामांच्या कबरी असतात. त्यांची संख्या भिंतीआतल्यांपेक्षा जास्त असू शकते. नोंदीत त्यांचीही जागा दाखवा, आणि मोटार उभी करायची ती त्यांच्यावर नको.

दगड वाचायला खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम काही फासू नका. त्यातले कण आणि आम्ल संगमरवराच्या छिद्रांत राहतात. दारामागचा लांब आरसा पुरतो. सूर्य दगडाच्या मागे किंवा बाजूला असताना आरशाने प्रकाश असा टाका की तो पृष्ठभागाला जेमतेम घासून जाईल. खोदलेल्या अक्षराची एक कड उजळते, दुसरी काळी पडते, आणि सपाट वाटणाऱ्या दगडावर ओळी उभ्या राहतात. आरसा वर-खाली सरकवत दर ओळीचा वेगळा फोटो घ्या, कारण एका कोनात 3 आणि 8 सारखेच दिसतात, 1 आणि 7 सुद्धा. आडव्या शिळेवर दुपारी काहीच दिसत नाही. सूर्य मावळताना किंवा अंधारात, टॉर्च शिळेच्या कडेला टेकवून बघा. शेवाळ काढायचंच असेल तर मालक आणि घराणं दोघांची परवानगी, भरपूर साधं पाणी, मऊ ब्रश, दगड आधी भिजवून खालून वर. वायर ब्रश, ब्लीच, प्रेशर वॉशर वर्ज्य. पृष्ठभाग साखरेसारखा सुटत असेल किंवा टकटक केल्यावर पोकळ वाजत असेल तर पाण्याचाही हात लावू नका. थंडी गोठणबिंदूजवळ असेल तर काम दुसऱ्या दिवशी.

आता सापडलेला दगड त्याच माणसाचा का. सर्वांत आधी दगड केव्हाचा ते ठरवा. मॅडिसन 1836 मध्ये वारला, त्याच्या कबरीवर खूण 1857 मध्ये आली. मधली वीसेक वर्षं काहीच नव्हतं. जेफरसनचा मूळ दगड लोकांनी आठवण म्हणून टवके काढून नेल्याने झिजला, काँग्रेसने पैसे देऊन नवा उभारला आणि जुना 1883 मध्ये मिझुरी विद्यापीठाला गेला. म्हणजे जेफरसनचा दगड एका राज्यात आणि कबर दुसऱ्या. दगड उशिराचा असेल तर त्यावरची तारीख म्हणजे नातवंडांची आठवण, पुरावा म्हणून तिचं वजन कमी. 1752 आधीच्या जन्मतारखांत अकरा दिवसांचा फरक जुन्या पंचांगामुळे येतो. जेफरसनच्या थडग्यावर 2 एप्रिल 1743 पुढे ‘ओ. एस.’ (‘ओल्ड स्टाइल’, जुनं पंचांग) कोरलं आहे, आणि जयंती 13 एप्रिलला करतात. दोन्ही बरोबर. फरक नेमका अकरा दिवसांचा असेल तर तिथे चूक शोधू नका.

नंतर हाडं हलली का ते बघा. रँडॉल्फ फिलाडेल्फियाला 1833 मध्ये वारला, त्याला रोआनोक मळ्यावर पुरलं आणि 1879 मध्ये रिचमंडच्या हॉलिवूड दफनभूमीत नेलं. एडमंड पेंडलटन 1803 मध्ये वारला, कॅरोलाइन काउंटीतल्या त्याच्या मळ्यावरून 1907 मध्ये विल्यम्सबर्गच्या ब्रुटन पॅरिश चर्चमध्ये आला. अशा वेळी जुन्या नोंदीत मळा, नव्या नोंदीत शहर, आणि वाचणाऱ्याला वाटतं दोहोंतलं एक खोटं. दोन्ही खरी, फक्त वर्षं वेगळी. नोंदीत दोन ओळी करा : पहिलं दफन, नंतरचं दफन, दोहोंची वर्षं. उलट प्रकारही होतो. सरकारी सैनिकी दगड किंवा वंशजांनी बसवलेली पाटी जिथे जागा मिळाली तिथे उभी असते, खाली कुणी नसतं. पायाकडचा दगड नाही, खड्डा नाही, शेजारच्या कबरींच्या रांगेत नाही, असं दिसलं तर तिला स्मारक लिहा, कबर लिहू नका.

शार्लट काउंटीतल्या न्यायाधीश पॉल कॅरिंग्टनसारखी सोपी प्रकरणंही आहेत. 1818 मध्ये तो मलबेरी हिलला वारला आणि तिथेच आहे. मळा, मृत्यू आणि दफन एकाच जागी. कार्टर ब्रॅक्स्टनसारखी अवघड प्रकरणंही आहेत : मळा चेरिकोक, काउंटी किंग विल्यम, आणि कबरीवर खूण नाही. तिथे घराची जागा, जमिनीची साखळी आणि बिनअक्षरी कबरींचा नकाशा एवढंच देता येतं. त्यापुढे नोंदीच्या रकान्यात ‘दफनभूमी निश्चित, कबर अनिश्चित’ असं लिहायचं, आणि अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटरपर्यंत, दफनभूमीच्या चार कोपऱ्यांचे द्यायचे. मधला एखादा बिंदू निवडून त्यावर नाव चिकटवायचं नाही. जाहीर यादीत टाकताना मालकाला विचारून हे आकडे हवे तर दोन दशांशांवर आणा, कारण जुनी लोखंडी कुंपणं आणि फाटकं चोरीला जातात ती अशाच याद्यांवरून. पूर्ण आकडे राज्याच्या ऐतिहासिक साधनसंपत्ती विभागाच्या फॉर्मवर भरून द्या, वही-पान क्रमांकासकट.